विळी बाईंची, शिवल्या दादांच्या

आमच्या बाई मासळी खात नसत आणि मासळीबाजार चुकवत नसत. रोज सकाळी कॉलेजला निघण्याआधी कुळगावच्या बाजारात त्यांची एक फेरी ठरलेली. इस्त्रीची सुती साडी, पायात पुरुषी सॅंडल, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत किणकिणणाऱ्या काचेच्या बाटल्या. प्रत्येक टोपलीपाशी वाकायच्या, एका बोटाने माशाचा कल्ला उचलायच्या, नाक जवळ न्यायच्या आणि डोळे मिटायच्या. मग गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात निकाल सांगायच्या, "परवाचा आहे." मासा ताजा असला तर काहीच बोलायच्या नाहीत. त्यामुळे बाजारातल्या बायकांना बाईंचं मौन तेवढं आवडायचं.

कोपऱ्यावर बसणाऱ्या कोळीण मावशीचं तर बाईंशी उभं वैर होतं. बाई लांबून दिसल्या की ती टोपलीवर फडकं टाकायची.

"बाय, घ्यायचा नाय तर नाक कशाला घालतंस? फुकटचा वास घेतंस नि माझा धंदा बुडवतंस!"

"फडकं ओलं नाही तुमचं," बाई म्हणायच्या. "बर्फ कमी पडलाय."

एवढं बोलून त्या स्टेशनकडे चालू लागायच्या. मागून मावशी जे काही बोलायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

या बाई म्हणजे उल्हासनगरच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या. मी त्यांच्याच विभागात डेमॉन्स्ट्रेटर होते आणि योगायोगाने राहायलाही कुळगावात त्यांच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. इमारत दादांची. दादा म्हणजे इथले मूळचे. जुनं कौलारू घर पाडून तिथे त्यांनी ही तीन मजली इमारत बांधली होती, आणि भाडेकरूंना ते पाहुण्यांसारखे वागवत. बाई एकट्या, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायच्या. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "फ्रिजमध्ये जागा नव्हती."

ते खोटंही नव्हतं. बाईंच्या फ्रिजमध्ये खरंच जागा नसे. आत नुसत्या बाटल्या, डब्या, चिकटपट्ट्या लावलेल्या पिशव्या. भांडूपच्या खाडीचं पाणी, कसाऱ्याच्या कुठल्याशा लग्नातलं श्रीखंड, कल्याणच्या हॉटेलातली चटणी. त्यांचं दूध आमच्या फ्रिजमध्ये असायचं. सकाळी सहाला त्या पातेलं घेऊन दार वाजवायच्या आणि दूध घेताना आमच्या फ्रिजकडे अशा बघायच्या की जणू एवढ्या जागेत आम्ही भाजी ठेवतो हा केवढा अपव्यय!

कुठल्याही लग्नामुंजीत बाई गेल्या की आधी मांडवाच्या मागे जायच्या, आचाऱ्याकडे. कच्चं, शिजलेलं, चिरलेलं, जे असेल त्यातलं चमचाभर बाटलीत घालायच्या. लोकांना वाटे, एकटी बाई आहे, उद्याची सोय करते बिचारी. एका लग्नात तर वधूच्या आईने कणव येऊन त्यांना मोठा डबा भरून दिला होता. बाईंनी त्यातलं चमचाभर काढून घेतलं आणि बाकीचा डबा परत केला.

"खायला नको मला," त्या म्हणाल्या. "हे साक्षीदार आहेत. तुमच्याकडे कुणी आजारी पडलं तर बोलतील."

त्या घरात बाईंना पुन्हा आमंत्रण गेलं नाही.

वर्गात शिकवताना मात्र बाई फार गोड बोलायच्या. त्यांचं एक वाक्य दरवर्षी यायचं, "आडनाव एक म्हणून घर एक होत नाही." हे त्या जंतूंबद्दल बोलत असत. खाऱ्या पाण्यात राहणारा व्हिब्रिओ नावाचा जंतू हा त्यांचा आवडता. खाडीत, समुद्रात तो असायचाच, त्यामुळे मासळीच्या अंगावरही असायचाच. त्यातली बहुतेक घराणी निरुपद्रवी, एखाददुसरं घराणं वाईट. सूक्ष्मदर्शकाखाली सगळे सारखे दिसतात. बाई म्हणायच्या, "या गावात निम्मे पाटील आहेत. एका पाटलाने मारामारी केली तर रस्त्यावरून जाणाऱ्या दुसऱ्या पाटलाला धरायचं का? मग जंतूला तरी असा न्याय का?"

जंतूचं घराणं ओळखायची नवी रीत तेव्हा नुकतीच आपल्याकडे येत होती. नव्वदचं दशक लागलं होतं. जंतूच्या आतला डीएनए काढायचा, त्याचे ठरावीक तुकडे लाखोपटीने वाढवायचे, ते जेलीसारख्या पदार्थात घालून वीज सोडायची. लहान तुकडे पुढे पळतात, मोठे मागे राहतात, आणि रंग देऊन पाहिलं की पट्ट्यापट्ट्यांची एक नक्षी दिसते. एका घराण्याची नक्षी एक. मुंबईतल्या मोठ्या संस्थांत याची परदेशी यंत्रं होती. आमच्या कॉलेजात फळ्याला डस्टर मिळायची मारामार.

पण बाई उल्हासनगरात शिकवत होत्या, आणि उल्हासनगरात बनत नाही अशी वस्तू जगात नाही. माशांसाठी अ‍ॅक्रिलिकच्या टाक्या बनवणाऱ्या एका सिंधी कारागिराकडे त्या मला घेऊन गेल्या. कागदावर काढलेलं चित्र त्यांनी त्याच्यापुढे ठेवलं. चपटी टाकी, दोन्ही टोकांना तार, तारेत करंट.

त्याने चित्र उलटसुलट करून पाहिलं. "अरे साईं, मॅडम, इसमें मछली कैसे रहेगी? करंट लगेगा, मर जाएगी ना."

"मछली नहीं रखनी," बाई गंभीरपणे म्हणाल्या, "मछली का कीडा रखना है."

"कीडे को इतना तकलीफ?" तो हळहळला. पण टाकी त्याने अशी बनवली की थेंबभर पाणी गळेना. वर हौसेने तळाला निळे गारगोटे चिकटवून दिले. ते खरवडून काढण्यात माझा एक अख्खा रविवार गेला.

तुकडे वाढवायच्या यंत्राऐवजी बाईंनी तीन पाणबाथ मांडले. एक कढत, एक गार, एक मधला. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्यांचा जुना विद्यार्थी होता, त्याने जुने थर्मोस्टॅट आणून दिले. नळ्या पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात आणि पुन्हा पहिल्यात, असं तासन् तास हाताने फिरवत राहायचं. वेळ मोजायला बाई घड्याळ वापरत नसत. पाढे म्हणत. कढत पाण्याला एकोणतीसचा, गार पाण्याला तेराचा, मधल्याला सतराचा. त्यांचे पाढे घड्याळापेक्षा पक्के होते, कारण घड्याळाकडे बघताना माणसाचं लक्ष नळीवरून उडतं असं त्यांचं म्हणणं. नळ्या मी फिरवायची. शेजारच्या रसायनशास्त्राच्या विभागात समज होता की आमच्याकडे शिकवणी चालते.

आता दादांच्या घरच्या साखरपुड्याकडे येते, कारण त्याच्याशिवाय बाई पुऱ्या कळायच्या नाहीत.

मे महिना होता. दादांच्या मुलीचा साखरपुडा इमारतीच्या गच्चीवर होता. मुलाकडची माणसं खाणारी, तेव्हा दादांनी हात आखडला नाही. तांदळाच्या भाकऱ्या, कोळंबीचा रस्सा, शिवल्यांचं, म्हणजे तिसऱ्यांचं, सुकं. कोळंबी बाजारातल्या त्या कोपऱ्यावरच्या मावशीची. शिवल्या मात्र दादांनी स्वतः पहाटे खाडीकाठच्या मेहुण्याकडून गोणीभर आणलेल्या. बाजारच्या शिवल्या पाहुण्यांना घालायच्या म्हणजे नाक कापल्यासारखं, असं ते म्हणत. दादांच्या आईने नवरा गेल्यापासून मासळी सोडली होती. तिच्यासाठी आणि बाईंसाठी वरणभात आणि काकडीची कोशिंबीर होती. कोशिंबीर अर्थात सगळ्यांनीच खाल्ली.

आमच्याकडे मोठं कार्य निघालं की अख्ख्या इमारतीतल्या विळ्या गच्चीवर गोळा होतात. कुणाची कुठली ते पाटावरच्या खुणेवरून कळतं. बाईंनीही आपली विळी दिली, पण तीन वेळा बजावून. "हिच्यावर मासळी चालणार नाही. फक्त काकडी." आणि मग रिवाजाप्रमाणे बाटल्या घेऊन त्या गच्चीवर फिरल्या. कच्ची कोळंबी, उघडायच्या राहिलेल्या शिवल्या, कोशिंबीर. दादा हसून म्हणाले, "बाई, जेवायच्या आधीच साक्षीदार?"

"नंतर साक्षीदार फुटतात, दादा," बाई म्हणाल्या.

हे सगळं मला मागून कळलं; मी त्या दिवशी माहेरी होते म्हणून वाचले. दुसऱ्या दिवशी परत आले तर इमारत आडवी झालेली. जुलाब, उलट्या, पोटात मुरडा. पहिला नंबर बाईंचा. त्या भिंतीला धरून दारात आल्या, चेहरा पांढराफटक, आणि माझ्या हातात एक बाटली ठेवून म्हणाल्या, "पहिला नमुना माझाच. कॉलेजला ने. बर्फात." मग घरोघर जाऊन असेच नमुने गोळा करायचं कामही माझ्याकडे आलं. सोयरीक जुळल्याच्या दुसऱ्याच दिवशी लोकांकडे काय मागत हिंडले ते आठवलं की अजून कान तापतात.

बाकीचे दोन-तीन दिवसांत सावरले. दादांची आई मात्र सावरेना. वय झालेलं, अंगातलं पाणी गेलेलं. तिला नर्सिंग होममध्ये सलाईन लावलं होतं, आणि दादा बाहेरच्या बाकावर बसून होते. एवढा उमदा माणूस, पण जेवायलाही घरी जात नव्हते. तिसऱ्या दिवशी ते उठले, तडक बाजारात गेले आणि मावशीची टोपली लाथेने उलटी केली.

"माझ्या आईला मारायला निघालीस!"

बाजार बघत राहिला. आईने कोळंबी चाखलीही नव्हती, हे त्या रागात त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यात भर घातली ती आमच्या बाईंनी. जंतू वाढवायच्या प्लेटांवर व्हिब्रिओचे हिरवे ठिपके उगवले होते, आजाऱ्यांच्या नमुन्यांत, कोशिंबिरीत, शिवल्यांत आणि कोळंबीतही. जिन्यात कुणीतरी विचारलं, "बाई, कोळंबीत निघालं का काही?" खोटं बोलणं बाईंना जमायचं नाही. "कोळंबीतही आहे," त्या म्हणाल्या, आणि पुढचं काही सांगायच्या आत माणूस खाली पळालासुद्धा. 'कोळंबीत आहे' एवढंच बाजारात पोचलं. त्यातला 'ही' जिन्यातच सांडला. संध्याकाळपर्यंत मावशीची जागा इतर बायकांनीच हलवली, पार गटाराच्या बाजूला. तिच्यामुळे सगळ्यांचाच धंदा बसेल ही भीती. आमच्या घरासमोरून जाताना मावशी रडत होती आणि बाईंच्या दाराकडे बघून म्हणत होती, "वास घेऊन घेऊन खाल्ला गो मला हिनं!"

बाईंनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दूध न्यायला पातेलं आणलं नाही.

"कोशिंबिरीत शिजवायचं काही नसतं," त्या मला म्हणाल्या, "म्हणजे जंतू तिथूनच पोटात गेला. पण कोशिंबिरीत तो आला कोळंबीतून की शिवल्यांतून? आडनाव सगळ्यांचं एकच आहे. घर बघायला हवं."

मग टाकी निघाली, पाणबाथ निघाले. बाई अजून अशक्त होत्या, खुर्चीत बसून पाढे म्हणायच्या, मध्येच दमायच्या आणि मग पाढा मी पुढे न्यायची. पहिल्या वेळी जेलीत वीज सोडली आणि वीजच गेली. शुक्रवार होता, शुक्रवारी आमच्याकडे वीज जायचीच, आणि हे आम्हा दोघींपैकी एकीलाही आठवलं नव्हतं. तुकडे जिथल्या तिथे विरघळले. बाईंनी डोकं टेबलावर टेकलं. मला वाटलं, आता म्हणतील राहू दे. पण मान वर करून म्हणाल्या, "एकोणतीस एके एकोणतीस. चल."

दुसऱ्यांदा नक्षी आली. बाईंचा त्यावर विश्वास नव्हता. "एकदा आलं तर योगायोग," म्हणून तिसऱ्यांदा केलं. तीच नक्षी आली. मी फोटो काढला आणि आनंदाने ओरडणार तोच बाईंकडे पाहिलं. त्या गप्प होत्या. ताज्या माशासमोर असायच्या तशा गप्प.

मावशी सुटली होती, पण अडकले होते दादा.

दादांची आई तोवर घरी आली होती. पडवीतल्या खाटेवर पडून पेज पीत होती. दादा उशाशी बसले होते. बाईंनी फोटो त्यांच्या हातात दिला.

"ही पट्टी बघा, ही आजी. ही शेजारची मी. ही कोशिंबीर. आणि ही शिवल्यांची. चौघांची नक्षी एक आहे. आता ही कोळंबीची बघा. वेगळी आहे. तिचं आमचं काही नातं नाही."

दादांनी फोटो खाली ठेवला. "शिवल्या माझ्या मेहुण्याच्या. मी स्वतः उघडल्या."

"कशावर?"

त्यांनी आईच्या हातातली पेजेची वाटी खाली ठेवली. मग हळू म्हणाले, "विळी मिळेना. जवळ होती ती घेतली. तुमचीच होती, बाई. पण मी धुतली."

"कशाने?"

"पाण्याने."

त्याच विळीवर मग वहिनींनी, म्हणजे दादांच्या बायकोने, काकडी चिरली होती, मीठ लावून ठेवली होती, आणि उन्हात जेवणं व्हायला दुपार झाली होती. हे सांगायची कुणालाच गरज उरली नव्हती. दादांचा चेहरा लाल झाला. "हे बाहेर गेलं तर नव्या सोयऱ्यांत माझी काय पत राहील? लोक म्हणतील, आईला मुलानंच विष घातलं. ते जमायचं नाय. बाई, बाहेर बोललात तर खोली खाली करा."

मी उठायच्या तयारीत होते. बाई मात्र विचार करून म्हणाल्या, "करते. पण फ्रिज फार जड आहे, दादा. तो तुम्हालाच उचलावा लागेल."

खाटेवरून आजी हसली. तिचं हसणं खोकल्यात अडकलं, आणि मग ती लेकाला म्हणाली, "मी बरी झाली ना रं? मंग त्या कोळणीच्या पोटावर कनाला पाय देतस? तिला पण पोरं हायत."

दादा मान खाली घालून बसले. तेव्हा बाईंनी जे केलं ते मी जन्मभर विसरणार नाही. त्या त्यांच्या समोर जमिनीवर बसल्या. आवाज वर्गातल्यासारखा गोड.

"दादा, विळी माझी, शिवल्या तुमच्या. दोष अर्धा-अर्धा वाटून घेऊ. एकट्याला जड जाईल."

दादांनी पेजेची वाटी पुन्हा उचलली. आम्ही परत आलो.

सकाळी बाई निघाल्या त्या नेहमीसारख्याच, फक्त पिशवीत बाटल्यांऐवजी विळी होती. पातं फडक्यात गुंडाळलेलं, पाट बाहेर आलेला. दुसऱ्या हातात फोटो. मी बरोबर होते. बाजाराच्या तोंडाशी दादा उभे होते. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, लग्नाला निघाल्यासारखे. बाईंच्या पिशवीतली विळी त्यांनी आपल्या हातात घेतली.

गटाराच्या बाजूला मावशी रिकामीच बसली होती, टोपलीत पाच-सहा बोंबील. दादांना बघून ती दचकून उठली. दादांनी विळी तिच्यासमोर ठेवली आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाले, "मावशे, तुझी कोळंबी चांगली होती. शिवल्या माझ्या होत्या. या विळीवर मीच उघडल्या. तुझी टोपली मी उलटी केली ती चूक झाली." मग वाकून त्यांनी तिची टोपली उचलली आणि स्वतः कोपऱ्यावरच्या जुन्या जागी नेऊन ठेवली. वाटेतल्या बायका आपोआप सरकल्या.

"विळी माझी होती," बाईंनी मागून तेवढ्याच मोठ्याने पुरवणी जोडली. कुणी विचारलं नव्हतं, पण अर्धा वाटा म्हणजे अर्धा वाटा.

मावशीने आधी दादांकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग फोटोकडे. "यात माझी कोळंबी कुठची?" बाईंनी बोट ठेवलं. मावशीने बराच वेळ त्या पट्ट्या न्याहाळल्या. "चांगली दिसते," ती म्हणाली आणि फोटो ठेवून घेतला.

पुढे तो फोटो तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून टोपलीमागच्या खांबाला टांगला. टांगला तो उलटा. बाईंनी दोनदा सरळ केला, तिने दोनदा पुन्हा उलटा केला, तिला तसाच बरा दिसे. गिऱ्हाईक विचारी, हे काय, तर सांगायची, "ही माझी कोळंबी. बाकीच्यांशी हिचं नातं नाय." दादांची सोयरीक मोडली नाही. उलट मुलाचे वडील म्हणाले म्हणे, जो माणूस बाजारात चूक कबूल करतो त्याची मुलगी डोळे झाकून घरात आणावी. बाईंची खोलीही राहिली, फ्रिजही जागचा हलला नाही. विळी मात्र दादांनी नवीन आणून दिली, आणि तिच्या पाटावर लोखंड तापवून काकडीचं चित्र काढून घेतलं.

बाई निवृत्त होऊन भावाकडे गेल्या, त्यालाही पुष्कळ वर्षं झाली. इमारतीच्या जागी आता नवी, उंच इमारत आहे. मी अजून कुळगावच्या बाजारात जाते. कोपऱ्यावर मावशीची सून बसते. फोटोतल्या पट्ट्या पार पुसट झाल्यात, पिशवी मात्र नवी असते. मध्ये एकदा मी सुरमईचा भाव विचारला तर ती म्हणाली, "थांबा, भाव मागून." तिने बोटाने माशाचा कल्ला उचलला आणि टोपली माझ्यापुढे केली.

"सासूबाईंनी शिकवलंय. बाईंच्या माणसाला आधी वास घेऊ द्यायचा."

मी वाकले, डोळे मिटले, आणि काहीच बोलले नाही. सून खूश होऊन मासा कापायला बसली.